पाठीमागून नमस्कार

कोल्हार सोडलं तेव्हापासून मी गाडीत धड बसत नव्हते. काच खाली घे, वर घे, पाण्याची बाटली काढ, न पिताच परत ठेव. शेवटी गाडी चालवणारा दादा, माझा थोरला भाऊ, म्हणाला, "तुझ्या अंगात काय शिरलंय?" मी म्हटलं, "तुमची रीत." त्यानं गाण्यांचा आवाज वाढवला. लग्नघरातलं भांडण गाडीत नको, असं त्याला वाटलं असावं.

भांडण होतं ते असं. आमच्या मूळ गावाबाहेर माळावर वीरगळांची एक रांग आहे. लढताना पडलेल्यांच्या आठवणीसाठी उभे केलेले जुने कोरीव दगड. त्यातला एक आमच्या घराण्याचा. दरोडेखोरांकडून गाई सोडवताना आमचा कोणी पूर्वज तिथं पडला, असं आम्ही ऐकत आलो. घरात लग्न झालं की जोडप्यानं त्याच्या पाया पडायचं. नवऱ्यानं समोरून आणि नवरीनं मागून. तो घराण्याचा थोरला सासरा, सुनेनं त्याच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. लेकींना मात्र सगळी मोकळीक. मी लहानपणी त्याच्या पुढ्यात बसून बोरं खाल्ली आहेत. तेव्हा तो वरपासून खालपर्यंत शेंदरानं लिंपलेला होता, नुसता लाल खांब आणि वर चांदीचे दोन डोळे. आईनं सून म्हणून आल्यापासून त्याची पाठच पाहिली.

आता भाच्याचं, म्हणजे दादाच्या मुलाचं, लग्न झालं होतं. भाचेसून सुप्याच्या एमआयडीसीत इंजिनिअर, अख्खी शिफ्ट तिच्या हाताखाली. निघण्याआधी तिनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "आत्या, मला खरंच मागे उभं राहावं लागेल का? नाही म्हटलं तर आजींना वाईट वाटेल." मी तोंड भरून म्हणाले, "मी बघते." बघते कसली? आमच्या घरात आईपुढे कुणाचं काही चालत नाही. दादाशी भांडून झालं होतं, आईशी भांडायचा धीर होत नव्हता, आणि पोरीला शब्द देऊन बसले होते.

माळ ओळखू येईना. तारेचं कुंपण, पेव्हर ब्लॉकची वाट, गाड्या लावायला जागा आणि 'माहिती केंद्र' अशी पाटी असलेली नवी बैठी इमारत. हे सगळं झाल्यापासून मी पहिल्यांदाच येत होते. दादा आणि भाचा पूजेचं ताट घेऊन शिळेकडे गेले. भाचेसून डोक्यावर पदर घेऊन निमूट मागच्या बाजूला जाऊन उभी राहिली. ते बघून माझं डोकंच फिरलं. मी आईकडे वळले, तर ती म्हणाली, "आदी मला बाथरूम दाखव. भांडन मागून कर."

बाथरूमला जायचं तर केंद्राचं सगळं दालन ओलांडावं लागतं, आणि दालनाच्या मधोमध आमच्याच शिळेची प्रतिकृती, तोंड दाराकडे करून. शेंदराची कवचं काढल्यावर खालचं कोरीवकाम उजेडात आलं, असं शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं. आईनं ते काय आहे हे दारातूनच ओळखलं. पदर नाकापर्यंत ओढला, माझं मनगट धरलं आणि भिंतीला घासत खेकड्यासारखी तिरकी चालत पलीकडे गेली. प्लास्टरच्या सासऱ्यापुढे कसली आलीय लाज? मी येरझाऱ्या घालत तिची वाट बघत राहिले आणि मनातल्या मनात भाषण जुळवत राहिले.

येताना मात्र ती विसरली. ओले हात पदराला पुसत, "पानी बरं येतं की हितं," असं म्हणत सरळ मधूनच आली आणि समोर बघून थांबली.

मीही तेव्हाच नीट पाहिलं. खाली आडवा पडलेला माणूस आणि गाई. त्याच्या वर, त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा. आणि एका बाजूला कोपरात वाकून वर आलेला एक हात, बांगड्यांनी भरलेला.

"ह्यो हात कुनाचा?" आईनं विचारलं.

मी पाटी वाचून सांगितलं. नवऱ्यामागे सती गेलेल्या बाईची खूण म्हणून असा हात कोरत. म्हणजे याची बायको.

"म्हंजे आपल्या घरची सून."

"हो."

तिनं पुढे होऊन त्या बांगड्यांवरून बोट फिरवलं. आमचे वडील गेले तेव्हा मी चौथीत होते आणि दादा सातवीत. पुढे कांद्याची लागण, दूधदुभतं, आमच्या शाळा, सगळं आईनं एकटीनं ओढलं. हातावरची नजर न काढता ती म्हणाली, "त्या काळात असते तर मलाबी चितंवर घातलं असतं. मग तुमाला कुनी वाढिवलं असतं?"

मी पाटी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.

"आन् मला सांगत हुते, सासरा हाय, लाज धरायची," ती म्हणाली. "लाज न्हवती ती. सुनांनी ह्यो हात बघू न्हाई, म्हनून मागं उभ्या करत हुते."

खरंच तसं होतं का, कोण जाणे. पाटीवर त्याबद्दल काही नव्हतं. पण मला ते तेव्हा पटलं आणि अजूनही पटतं.

आई तरातरा बाहेर पडली. मला तिच्यामागे जवळजवळ पळावं लागलं. शिळेपुढे भाचा हात जोडून उभा होता, दादा नारळ वाढवायच्या तयारीत होता. आई थेट मागे गेली आणि नातसुनेच्या दंडाला धरून तिला पुढे घेऊन आली.

"आई, अगं काय करतीस?" दादा म्हणाला. "रीत हाय ना आपली."

"तुला ह्यो हात दिसत हुता का रं?"

"दिसतो की. शेंदूर काढला तवापासनं दिसतो. त्यात काय?"

आईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. दादानं नारळ ताटात ठेवला.

भाचेसून बावरली. एकदा आईकडे बघे, एकदा माझ्याकडे. मग वाकायला लागली. "आजी, पाया पडू ना?"

"थांब पोरी. आदी बघ."

ती बघत राहिली. गाई, अप्सरा, लिंग, सगळ्यांवरून तिची नजर फिरली आणि त्या हातापाशी अडकली. वाऱ्यानं तिचा पदर डोक्यावरून घसरला. तो सावर, असं कुणी म्हटलं नाही.

"ही कोण, आजी?"

"ह्या घरची सून," आई म्हणाली. "तुझ्यावानीच नांदायला आल्ती."