तिसरं मूल

ऑफिसात तिला सगळे करताई म्हणत. कर भरणाऱ्यांची ताई म्हणून करताई, आणि जो तो "माझं तेवढं कर, ताई" म्हणत दारात उभा राही म्हणूनही करताई. औषधांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर एका करसल्लागारांचं ऑफिस होतं. तिथे ती कित्येक वर्षं लोकांच्या आयकराचे हिशेब करत आली होती. नवरा-बायको समोर बसत, पोरं टेबलाखाली शिरत, आणि ती मान वर न करता विचारी, "दोघांचं उत्पन्न किती? मुलं किती? तुमच्याजवळच राहतात ना?" कारण सवलत मिळायची ती घरात राहणाऱ्या मुलांचीच.

तिचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं. पण घर भरलेलं होतं, कारण घरात मुंगी होती. मुंगी म्हणजे तिच्या थोरल्या भावाची मुलगी. दादाला जुळे मुलगे झाले तेव्हा दोघांचीही तब्येत तोळामासा, आणि वहिनी अंथरुणाला खिळलेली. दोन वर्षांच्या मुंगीला कडेवर घेऊन दादा आला. "बेबी, थोडे दिवस सांभाळ गं हिला." वहिनी हिंडूफिरू लागली तोवर मुंगी इथल्या बालवाडीत रमली होती. मग शाळा सुरू झाली. आता मध्येच कशी तोडायची शाळा, असं दर वर्षी कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. नऊ वर्षांची झाली तरी मुंगी आत्याच्या कुशीतच झोपायची, आणि आईशी फोनवर पाहुण्यांशी बोलावं तसं बोलायची.

दादा-वहिनीचा करही हीच काढायची. मुलांच्या रकान्यात तीन लिहायची. ते नियमात बसत नाही हे तिला कळत होतं, पण घरचंच माणूस म्हणून काणाडोळा करायची. या वर्षी मात्र खात्याने प्रत्येक मुलाचा शाळेचा दाखला मागितला, पत्त्यासकट. मुंगीच्या दाखल्यावर पत्ता आत्याचा.

तिने फोन लावला. "दादा, या वेळी तुझी दोनच मुलं धरते. मुंगी माझ्याकडे दाखवावी लागेल. तुला जास्तीचं भरावं लागेल ते मी देते हवं तर."

"पैशांचं काय घेऊन बसलीस," दादा म्हणाला. "कर तुला योग्य वाटेल ते."

पुढच्याच रविवारी दोघं दारात. मुंगी शेजारी खेळायला गेली होती. वहिनीने पाण्याच्या पेल्याला हातही लावला नाही.

"ताई, माझा तुमच्यावर राग नाही," ती म्हणाली. "तुम्ही नसता तर काय झालं असतं, देव जाणे. पण दर वर्षी तुम्ही कागद सहीला पाठवायचात ना, त्यात मी तिचं नाव शोधायचे. मिळालं की बरं वाटायचं. परवा हे म्हणाले, आता दोनच. घास उतरला नाही हो घशाखाली."

"अहो वहिनी, तो नुसता नियम..."

"नियम बरोबरच आहे. तेच तर लागलं."

दादा फरशीकडे बघत बोलला, "परीक्षा झाली की नेतो म्हणतोय, बेबी."

तिच्या तोंडात किती शब्द आले. तापात उशाशी कोण बसलं, पहिला दात पडला तेव्हा रडणाऱ्या पोरीला कुणी हसवलं, विचारावं एकदाचं! पण वहिनी रुमालात तोंड लपवून रडत होती, आणि त्या रडण्यात खोट नव्हती.

"बरं," ती म्हणाली.

मुंगीने आकांत मांडला. जायच्या दिवशी कपाटात शिरून बसली. "तू त्यांना नको का नाही म्हणालीस?"

"अगं, आई आहे तुझी."

"मग तू कोण आहेस?"

 आत्या तिच्या फ्रॉकांच्या घड्या घालत राहिली, घातलेल्या मोडून पुन्हा घालत राहिली.

हिशेब सरलेल्या वर्षाचा असतो, त्यामुळे त्या खेपेला मुंगी आत्याच्याच नावावर राहिली. कराचे थोडे पैसे परत आले. "करताई, पेढे कुठायत?" साहेबांनी थट्टा केली. तिने त्या पैशांची सायकल घेऊन मुंगीला पाठवली.

मोठ्या सुट्टीत ती चार दिवस राहायचं ठरवून दादाकडे गेली. मुंगी धावत येऊन गळ्यात पडली, एका दमात शंभर गोष्टी सांगून झाल्या, आणि जुळ्यांनी अंगणातून हाक मारताच "आले रे!" म्हणत पळालीही. दुपारी ती सायकलवरून पडली. गुडघा फुटला. आत्या पायरीवरच बसली होती. तिने हात पुढे केले. मुंगी भोकाड पसरून तिच्या शेजारून आत धावली. "आई! आई गं!"

पोरीला पोटाशी धरून वहिनीने दाराकडे पाहिलं आणि ओशाळून नजर खाली घातली. आत्या चप्पल शोधत असल्यासारखी वाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बॅग भरली.

"अगं, राहणार होतीस ना?" दादा म्हणाला.

"कामं पडलीत रे. हंगाम आहे."

कर भरायचा हंगाम केव्हाच उलटून गेला होता, हे दादालाही ठाऊक होतं. त्याने तिची बॅग उचलली आणि बसथांब्यापर्यंत तिच्याबरोबर चालत गेला.