काळी पडलेली पावती

वर्धेच्या कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. एकदा अल्लीपूरची एक शिवणकाम करणारी बाई आली. शिलाई मशीनचं कर्ज तिनं कधीच फेडलं होतं, तरी फायनान्सवाल्यांनी दावा लावला होता. ब्लाउजांच्या मापांच्या वहीत टाचलेल्या पावत्या ती टाचण्या ओठांत धरत सोडवत होती. शेवटच्या हप्त्याची पावती देत म्हणाली, “हे पक्की करून द्या.”

गर्दीत मी न पाहताच ती लॅमिनेशनला घातली. पावती थर्मल कागदाची, मशीनच्या उष्णतेनं पार काळी पडली. मी कान पकडले.

तिनं टाचण्या पदराला टोचल्या. “बाकीच्याचे झेरॉक्स काढा, भाऊ. अन् हे काळी कशी झाली, थे सोमवारी तारखेले येऊन तुमीच जजसाहेबाले सांगजा.”

वीस वर्षं कोर्टासमोर बसतोय. सोमवारी दुकान बंद ठेवून पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढलो.