सुनेची पिशवी

"कोरं आटतं," असं म्हणून म्हातारी समोरच्याच्या कपड्याचं टोक चिमटीत धरून पाहायची. ओळख असो, नसो. नाते गावच्या शाळेवर मी मास्तर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी तिने माझ्या नव्या कोटाची बाही अशीच धरली आणि शेजारणीला सांगितलं, "मास्तर पण कोराच हाय. दोन पावसाळे जाऊ दे, येईल मापात." मला राग आला. पुढे मापात आलो.

माझ्या बिऱ्हाडाला लागूनच तिचं घर. घरात ती आणि सून. मुलगा मुंबईला गिरणीत. गावातून जो कोणी मुंबईला निघे, त्याची पिशवी ती शिवून देई. जुन्या लुगड्याधोतरांचे चार पदर एकावर एक घालायचे, बोटभर अंतराने धावदोरा मारायचा, मग मधोमध घडी घालून दोन्ही बाजू शिवायच्या आणि लुगड्याच्या काठाचे बंद लावायचे. चार दिवसांचं काम. नियम दोनच. कापड जुनं हवं, कारण कोरं पहिल्या धुण्यात आटतं आणि पिशवी चुरगळून बसते. आणि घरातल्या प्रत्येकाच्या अंगावरचा एकेक तुकडा आत हवा. "नायतर माणूस एकटाच जातो," ती म्हणायची. एका घरात चौदा माणसं होती. त्यांची पिशवी उशीएवढी जाड झाली, पण तिने एकालाही गाळलं नाही.

दिवाळी झाली आणि तिच्या मुलाचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. चाळीत खोली मिळाली आहे, हिला धाडून दे. सून चूल फुंकत होती, ती फुंकतच राहिली. चुलीत जाळ चांगला होता.

म्हातारीने त्याच दिवशी सुनेची पिशवी शिवायला घेतली. आपला तुकडा घेतला, सुनेचा घेतला आणि थांबली.

"ल्योकाचा तुकडा नाय. लिवा मास्तर, जुनं कापड धाड म्हणावं."

"घरात त्याचं जुनं धोतर असेल की!"

"त्यांच्या गोधड्या झाल्या कवाच."

मी लिहिलं. महिन्याभराने एका गाववाल्याबरोबर वारभर पांढरंशुभ्र कापड आलं, थेट त्याच्या गिरणीतलं. पोराने मोठ्या मानाने धाडलेलं. म्हातारीने चिमटीत धरलं. "कोरं." पुन्हा पत्र. मग धुवट पंचा आला. तिने हुंगून पाहिला. "ह्यो त्याचा नाय. दुसऱ्या कुनाचा तरी हाय." पुन्हा पत्र. सून गेली की म्हातारी घरात एकटी पडणार, हे गावाला कळायला मास्तर लागत नव्हता. सुनेने मात्र एकदाही पिशवीचं नाव काढलं नाही. मला त्या पोरीची फार कीव यायची, आणि म्हातारीचीही. कुणाची जास्त, ते ठरवणं मी टाळत होतो.

शिमगा उलटल्यावर पुडकं आलं. आत सदऱ्याची खालून कापलेली पट्टी आणि चिठ्ठी. "आये, जुनं वेगळं काय नाय. जुनं तेच अंगावर हाय. त्यातलंच कापलंय. आता तरी तिला धाड. हातानं रांधून गिरणीची पाळी गाठवत नाय."

म्हातारीने पट्टी नाकाशी धरली. घामाचा आणि तेलाचा वास मलाही आला.

"सदरा बेंबीवर आला असंल त्याचा," ती म्हणाली. मग आत वळून, "गो, सुई ओव."

तेव्हा मला कळलं, की म्हातारीला सुईचं नेढं दिसतच नव्हतं. गावभरच्या पिशव्यांचा दोरा सूनच ओवून देत होती. आपल्याला घेऊन जाणाऱ्या पिशवीचाही प्रत्येक दोरा तिनेच ओवला. चार दिवसांचं काम दुसऱ्या दुपारी संपलं.

सून दासगावच्या बंदरावर गेली, तिथून मुंबईला. आठ दिवसांनी मी म्हातारीकडे डोकावलो. एका उशीवर तेरा सुया ओळीने टोचलेल्या होत्या आणि प्रत्येकीत हातभर दोरा. सुनेने निघायच्या आधी बसून ओवून ठेवले होते. एकही दोरा कमी झालेला नव्हता. गावातला आणखी एक जण मुंबईला निघाला होता, त्याने आणून दिलेली कापडं कोपऱ्यात तशीच पडली होती.

"शिवायला घेतलं नाही?" मी विचारलं. "दोरे संपले तर मी ओवून देईन."

तिने उशी उचलून मांडीवर घेतली.

"ह्ये संपाया नकोत, मास्तर."