चित्रातल्या बाईची नजर

संग्रहालयातल्या त्या प्रसिद्ध तैलचित्रातली बाई समोर पाहत नाही, डावीकडे पाहते. त्या नजरेवर मी वर्तमानपत्रात दोनदा लिहिलं आहे. एकदा त्यात विरह पाहिला, एकदा वैराग्य.

काल एक सत्तरीच्या बाई तिथल्या साहेबांना सांगत होत्या, "ती माझी आई. कलाशाळेत मॉडेल म्हणून बसायची. हलायचं नाही, असा नियम. मी तान्ही, दाराशी चादरीवर निजवलेली. मी रडले की तिची मान तेवढी वळायची."

चित्राखालच्या पाटीवर 'अनामिका'ऐवजी आईचं नाव लिहा, एवढंच त्यांचं मागणं होतं. ही चौथी खेप.

"पुरावा आणा, मावशी," साहेब म्हणाले. "शिवाय नाव लिहिलं की गूढ संपलं. लोक त्यासाठीच येतात."

"रडण्याचा काय पुरावा आणू?"

जिथे कुणी चौकशी करत नाही, तिथे आपण गूढ आहे म्हणतो. चौकशी हा तर माझा धंदा, पण मीही केली नव्हती.

बाई चित्राच्या डावीकडे, आईची नजर पडते तिथे जाऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात शाळेची सहल आली.

"आजी, जरा बाजूला व्हा," गाइड म्हणाला. "मुलांना हिच्या नजरेचं रहस्य सांगायचंय."

त्या बाजूला झाल्या.