मेल पाठवण्याआधीची एक ओळ

आमच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. मी काहीतरी चुकीचं लिहिते, मशीन ते मन लावून पाळतं, की झाला किस्सा!

ऑफिस बारामतीत, साड्यांच्या दुकानाच्या वर. माणसं तीन : मालक प्रमोददादा, प्रोग्राम लिहिणारा बावड्याचा आकाश आणि मी, कऱ्हाटीची सायली. आम्ही ईमेल पाठवायचं टूल बनवतो. ते माणसं नाही, एआय एजंट वापरतात. म्हणजे तुम्ही नुसतं म्हणायचं, ‘सगळ्यांना मीटिंगचं कळव’, आणि एजंट आमच्या टूलमधून मेल पाठवणार. टूल कसं वापरायचं हे एजंटला सांगणारं पान मी लिहिते. तेही मराठीत, कारण गिऱ्हाईकालाही ते वाचता आलं पाहिजे, हा माझा हट्ट.

त्या पानातल्या एका ओळीवरून दादांचं आणि माझं जोरात वाजलं. ओळ अशी : ‘मेल परत घेता येत नाही. शंका आली तर थांब आणि माणसाला विचार.’

दादा म्हणाले, "अगं, लोक हे घेतात कशाला? विचारायची कटकट नको म्हणून! थांबणारं टूल कोण घेईल?"

"न विचारता पाठवणाऱ्या टूलचं पान मी लिहिणार नाही!"

शेवटी ठरलं : इंदापूरच्या डाळिंबवाल्यांच्या संघात डेमो होईपर्यंत ओळ राहील. तिथं एजंट अडला, तर ओळ जाणार. ओळ गेली तर मीही जाणार, हे मी मनात पक्कं केलं होतं.

*

पानात नमुन्याचा एक मेल लागतो. मी घाईत लिहिला : ‘पप्पा, मी या रविवारी येत नाही.’ पत्ताही पप्पांचाच टाकला, दुसरा कुठून आणू?

एजंटला पत्ता सापडला नाही की तो नमुनाच उचलायचा. संध्याकाळी कऱ्हाटीहून फोन.

"सायले, अकरा येळा कळवलंस, येणार न्हाय म्हणून. एवढा राग कशाचा हाय?"

त्या रविवारी गेले. मुकाट्याने.

*

आकाशला वाटलं, पानात आपलीही एक ओळ हवी. त्याने लिहिलं, ‘पाठवल्यावर मिळाला का ते विचार.’

एजंटने मेल पाठवला. मग दुसरा पाठवला, ‘आधीचा मेल मिळाला का?’ मग तो दुसरा मिळाला का, हे विचारणारा तिसरा. चाळिसाव्या मेलला दादांनी वायर उपटली.

आकाश म्हणाला, "आपल्याकडं असंच करत्यात की! पत्रिका दिली तरी वर फोन करतोच ना?"

"फोन एकदा करतात रे!"

*

मेल लगेच गेला नाही की टूल सांगतं, ‘रांगेत आहे’. एजंटला वाटायचं, गेलाच नाही. तो पुन्हा पाठवायचा.

आकाश स्क्रीनवर ओरडला, "अरे, उसाची गाडी कारखान्यावर नंबराला लावली, की तोच ऊस दुसऱ्या गाडीत भरून आणतोस व्हय?"

मी ते वाक्य जसंच्या तसं पानात घातलं. एजंट सुधारला! का सुधारला, ते आम्हा तिघांपैकी कोणालाच अजून कळलेलं नाही.

*

एजंट शब्दन् शब्द वाचतो, या आनंदात मी पाण्याच्या मोटरपाशी कागद चिकटवला : ‘टाकी भरली की बंद करा.’ दुसऱ्याच दिवशी खालच्या दुकानात पाणी. तिघांपैकी एकानेही कागद वाचला नव्हता. लिहिणारीने तर नाहीच!

दादा शांतपणे म्हणाले, "पुढच्या वेळी एजंटला मेल कर."

*

मग डेमोचा दिवस. संघाचे अध्यक्ष तात्या तावातावाने आत आले. कोल्ड स्टोरेज कुठं बांधायचं यावरून सकाळीच त्यांची सणसरच्या संभाजीरावांशी जुंपली होती. संभाजीराव म्हणजे संघाचे उपाध्यक्ष आणि तात्यांचे शाळेपासूनचे मित्र.

"हे कायबी सांगितलं तर पाठवतंय?"

"काहीही, तात्या! तुम्ही फक्त बोला," दादा म्हणाले.

"मग ल्ही. मी अध्यक्षपद सोडतोय. संभाजीरावाबरोबर काम करणं माझ्यानं हुणार न्हाय. सगळ्या सभासदांना पाठव."

स्क्रीनवर अक्षरं उमटली : ‘हा मेल सगळ्या सभासदांना जाईल, संभाजीरावांनाही. नंतर परत घेता येणार नाही. आत्ताच पाठवू का?’

एजंट अडला होता. दादांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पर्स उचलली.

तात्यांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

"ह्याला इचारायला कुणी शिकवलं?"

दादांनी माझ्याकडे बोट केलं.

तात्या म्हणाले, "सकाळपास्नं धा जणांना सांगितलं, राजीनामा देतो म्हणून. धाच्या धा म्हणाली, द्या." मग स्क्रीनकडे बघून, "आत्ता नको म्हणावं."

संघाने टूल घेतलं. ओळ पानात आहे.

तात्या अधूनमधून बारामतीला आले की आमचा जिना चढतात. "त्यो मेल हाय का अजून?"

"आहे तात्या. तसाच ठेवलाय."

"असू दे," ते उतरता उतरता म्हणतात. "संभाजीराव खाली गाडीत बसलाय. त्याच्या कानावर घालू नका."