प्र. अ. गाळलं आणि वऱ्हाड हरवलं

थांबा, हे आत्ताच सांगते, नाहीतर अक्का माझ्याआधी तिच्या पद्धतीनं सांगून मोकळी होईल!

मागच्या उन्हाळ्यात अक्काचं लग्न होतं. मी तेव्हा अमळनेरला टायपिंग शिकायचे, म्हणून पत्रिकेचा मजकूर माझ्याकडे आला. आमच्या गावाचं पूर्ण नाव पिंप्री प्र. अ. म्हणजे प्रगणे अमळनेर. आमच्याकडे पिंप्र्या ढीगभर, म्हणून जुन्या प्रगण्याची ही शेपटी लावतात. पण पत्रिकेत ते प्र. अ. परीक्षेच्या नंबरासारखं दिसायला लागलं. मी उडवलं. नुसतं पिंप्री, जि. जळगाव. किती छान दिसलं!

वऱ्हाड रावेरहून यायचं होतं. साखरपुडा जळगावातच झालेला, त्यामुळे आमचं गाव त्यांच्यातल्या कुणीच पाहिलं नव्हतं. मुहूर्त गोरज. दुपारचे तीन वाजले तरी बसचा पत्ता नाही. अक्का हळद लावून बसलेली. तेवढ्यात फोन. नवरदेवाचे काका.

"आम्ही कवाचे पोचलो! मांडव कुठंय?"

आमचे आबा ओरडले, "आठे तं मांडव टाकेल शे! तुम्ही कोठे शेतस?"

"पिंप्रीत! गिरणेच्या काठी!"

आबांनी कपाळावर हात मारला. आमच्या गावाजवळ गिरणा कुठली? ती भडगावकडची पिंप्री, प्र. भ.!

काका हट्टालाच पेटले, "जिल्ह्याच्या नकाशात एकच पिंप्री आहे, मी बोट ठेवून आलोय!"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. "पत्ता तूच टाईप केला ना गं?"

मुहूर्त चुकला तर ती जन्मभर ऐकवणार होती.

शेवटी ज्यांच्या घरून फोन आला होता ते तिथले नाना म्हणाले, "मी येतो दाखवायला." वऱ्हाडाला चहा पाजून ते ड्रायव्हरशेजारी बसले. सूर्य टेकायला आला आणि बसचा हॉर्न वाजला! अक्षता मुहूर्तावरच पडल्या.

आबांनी पहिल्या पंगतीत नानांना टोपी-उपरणं दिलं. नाना मला म्हणाले, "पोरी, तुझ्या लग्नात शेपूट तोडू नको बरं, मला परत एवढ्या लांब यायला लावशील." सगळे हसले, काका सोडून. ते अजून नकाशाच बघत होते.

खरं सांगा, तुमच्याकडचं वऱ्हाड कधी दुसऱ्याच गावात जाऊन उतरलंय का?