सुपाने सांगितलेले नाव

एका सोमवारी दुपारी दोन वाजता आम्ही एका शिंप्याला ठाण्यात आणले. ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. शिंपी गेल्या पौषात वारला. त्याच्या हयातीत हे लिहायचे धाडस मला झाले नाही.

तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात तालुके मोडून मंडले नुकतीच झाली होती आणि मी नवा सबइन्स्पेक्टर होतो. पैनगंगेकाठची काही मराठी गावे माझ्या हद्दीत होती. तक्रार मराठीत ऐकायची आणि एफआयआर तेलुगूत लिहायचा, हा रोजचा क्रम. मला वाचनाचा नाद होता. ट्रेनिंगमध्ये असताना पुस्तकांतून वेचून मी एका वहीत बारा तत्त्वे उतरवली होती आणि ती वही टेबलाच्या खणात ठेवत असे. धीर, संयम, न्याय असे मोठे शब्द तिच्यात होते. नोकरीच्या पहिल्या वर्षात मी ती किती वेळा उघडली, ते सांगायला लाज वाटते.

त्या भागात लग्न ठरले की शिंपी मशीन घेऊन लग्नघरीच येत असे. आठ-दहा दिवस ओसरीवर बसून घरातल्या सगळ्यांचे कपडे शिवायचा, तिथेच जेवायचा. आमचा शिंपी असाच एका लग्नघरी बसला होता. गावात त्याला मास्तर म्हणत, मीही तेच म्हणतो. रविवारी नवरीची एकदाणी, म्हणजे सोन्याच्या मण्यांचा सर, कपाटातून नाहीशी झाली. सोमवारी सकाळी गावचे पाटील ठाण्यात आले. सरकारने पाटीलकी काढून घेतली होती, पण गाव त्यांना पाटीलच म्हणत असे.

"शिंप्यानंच नेली साहेब. पक्की खबर हाय," ते म्हणाले.

मी केस नोंदवली आणि जमादारांना पाठवले. हे आमचे हेड कॉन्स्टेबल, नोकरीत मुरलेले. मास्तरने त्यांना एवढेच विनवले की बाजारातून नेऊ नका, मागच्या वाटेने चला. जमादारांनी त्याला बाजारातूनच आणले. मी त्यांना काही बोललो नाही.

मास्तर चाळिशीचा, बारीक अंगाचा. बोटाला अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, तसेच राहिले होते. झडतीत काही सापडले नाही. चार वाजेपर्यंत तो एकच वाक्य बोलला, "मी नाई घेतली."

"साहेब, शिंप्याचं तोंड शिवलेलं हाय, उसवा लागते," जमादार म्हणाले आणि बाह्या सारू लागले. मी त्यांना बाहेर बसायला सांगितले.

"तुझा संशय कोणावर आहे?" मी विचारले. "गावात काय बोलतात ते तुला माहीत असेल."

"माहीत हाय साहेब."

"मग सांग. तुझ्यावरचं बालंट टळेल."

"टळन. पण मंग ते दुसऱ्याच्या दारात जाऊन बसन ना. मी ऐकलेलं हाय, पाह्यलं नाई. ऐकलेलं मी सांगत नसतो."

मला राग आला. "मोठा तत्त्वाचा माणूस दिसतोस."

"तत्त्व-बित्त्व आमाले काय समजते? मी इतक्या घरच्या ओसऱ्यायवर बसतो. आतलं सगळं कानावर येते. एका घरचं दुसऱ्या घरी बोललो असतो, तर मले दुसऱ्यांदा कोणी बोलावलं असतं काय? आता तुमी आत टाकसान, तर तसंबी कोणी बोलावणार नाई."

त्याचे सगळे पोट त्या ओसऱ्यांवर होते. एकदा ठाण्याची पायरी चढलेल्या शिंप्याला कोण घरात बसवणार? हे मला कळत होते, तरी त्या रात्री मी त्याला सोडले नाही.

सकाळी केस डायरी लिहायला घेतली. 'विश्वसनीय माहितीवरून' असे लिहिले आणि हात थांबला. ही माहिती कोणी पाहिली होती? मी गावी गेलो आणि पाटलांना विचारले, "तुम्ही डोळ्यांनी पाहिलं का?"

"मी नाई. नवरीच्या बापानं सांगतलं."

नवरीचा बाप ओसरीवर सुपाऱ्या निवडत होता. मास्तरची मशीन कोपऱ्यात धोतराखाली झाकलेली होती.

"मी तरी कुठं पाह्यलं साहेब? आमी सूप फिरवलं," तो म्हणाला.

सुपाच्या कडेला कात्री खुपसायची, दोघांनी दोन बाजूंनी कात्रीच्या मुठी बोटांवर तोलून सूप अधांतरी धरायचे आणि एकेक नाव घ्यायचे. ज्या नावावर सूप फिरेल, तो चोर. हा प्रकार मी ऐकून होतो. त्याच्या भरवशावर मी एक माणूस रात्रभर कोंडला होता, हे तेव्हा समजले.

"सूप कोणी धरलं होतं?"

"इकून माह्या म्हाताऱ्या मायनं, तिकून थोरल्या जावयानं."

"नावं कोणाकोणाची घेतली?"

"शिंपी, न्हावी, पाणी भरनारी बाई."

"घरच्यांची?"

"घरच्यायची काऊन घ्याव?" तो माझ्याकडे पाहतच राहिला.

"आणि कात्री कोणाची?"

"शिंप्याचीच. घरात दुसरी एवढी मोठी कात्री कुठं हाय?"

मी ठाण्यात परतलो. मास्तरला चहा दिला, समोर खुर्चीवर बसवले.

"मास्तर, ऐकलेलं राहू द्या. पाहिलेलं सांगा. रविवारी सकाळपासून तुम्ही काय काय शिवलं?"

तो सरळ बसला. हा प्रश्न त्याच्या कामाचा होता. "नवरदेवाचा पायजामा. नवरीच्या भावाचे दोन सदरे. म्हातारीची चोळी. दुपारी नवरीच्या थोरल्या ताईच्या परकराले आतून खिसा. मंग उशीच्या खोळी."

"खिसा कोणी शिवायला सांगितला?"

"ताईनंच."

"त्यात काय ठेवलं तिने?"

"ते मी पाह्यलं नाई साहेब. मी खिसा शिवला."

दुपारी मी साध्या कपड्यांत त्या घरी गेलो. थोरल्या मुलीला तिच्या आईसमोर बसवून एकच प्रश्न विचारला. ती उठली, आत गेली आणि एकदाणी आणून बापाच्या पुढ्यात ठेवली.

"माह्या लग्नात देतो म्हणले होते बाबा," ती म्हणाली. "दर दिवाईले इचारलं. दर दिवाईले पुढच्या सालचं नाव सांगतलं. आता हिच्यासाठी एका महिन्यात घडली."

जावई जमिनीकडे बघत होता. बायकोचे करणे त्याला ठाऊक होते आणि सूप त्यानेच फिरवले होते. बाप माझ्या पाया पडायला वाकला. "साहेब, पोरीचा संसार मोडन. घरातच सापडली म्हणा."

मी तसेच लिहिले. दागिना घरातच मिळाला, चोरी झालेली नाही. 'मिस्टेक ऑफ फॅक्ट', म्हणजे गैरसमजातून आलेली तक्रार, म्हणून केस बंद झाली. लिहिलेले खोटे नव्हते. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो, हेही कबूल करतो. एक घर वाचवले, एका निरपराध माणसाला सोडले, कोणावर हात उचलला नाही.

वहीतली बारा तत्त्वे मी खोडली आणि मास्तरचे एकच ठेवले. पुढे नोकरीत त्या तत्त्वाने मला सांभाळले. ऐकीव गोष्ट पाहिलेली म्हणून लिहायला नकार दिल्यामुळे एकदा बोथच्या ठाण्यातून बदली झाली, ती मी मुकाट्याने पत्करली. घरीही ते उपयोगी पडले. बहीण माझ्याबद्दल वाईट बोलते असे ऐकून मी दोन वर्षे अबोला धरला होता. मग तिच्या घरी जाऊन तिलाच विचारले. ती तसे काहीच बोलली नव्हती.

गावात मात्र निराळेच झाले. एकदाणी सापडली, पण कोणाकडे ते कोणाला कळले नाही. सूप तर मास्तरच्या नावावर फिरले होते. लोकांनी ठरवले की पोलिसांच्या भीतीने त्यानेच ती परत ठेवली. पुढच्या लग्नसराईत त्याला एकाही घरचे बोलावणे आले नाही. खिशाची गोष्ट सांगून तो मोकळा होऊ शकला असता. त्याने ती सांगितली नाही. मशीन घेऊन तो आदिलाबादला आला आणि एका पत्र्याच्या टपरीत बसू लागला.

निवृत्तीनंतर मीही आदिलाबादलाच राहिलो. दर गुरुवारी त्याच्या टपरीवर जात असे. तो शिवायचा, मी वाचत बसायचो. बोलणे थोडेच होई. एकदा मी म्हणालो, "मास्तर, तुमच्यावर फार अन्याय झाला."

तो कापडावर खडूने खूण करत होता. वर न बघता म्हणाला, "मी नव्हतं पाह्यलं, मनून मी बोललो नाई. पण साहेब, तुमी तर पाह्यलं होतं. तुमी काऊन नाई बोलले?"

आवाजात राग नव्हता. न पाहिलेले बोलू नये, एवढेच तत्त्व मी उचलले होते. पाहिलेले बोलावे लागते, हा त्याचा अवघड अर्धा भाग मी सोयीने गावातच सोडून आलो होतो. एका पोरीचा संसार वाचला, हे खरे. त्याची किंमत मास्तरने मोजली, आणि ती मोजशील का असे त्याला कोणी विचारले नव्हते. त्यानंतरही तो दर गुरुवारी मला चहा पाजत राहिला. मी उत्तर शोधत राहिलो, आणि तो गेला.

मागच्या महिन्यात मी बसने त्या गावाला गेलो. नवरीचे आईबाप आणि सूप धरणारी म्हातारी केव्हाच वारली होती. जावई आणि थोरली मुलगी कुठे आहेत, कोणाला माहीत नव्हते. थांब्याजवळच्या हॉटेलात काही माणसे बसली होती. मी उभा राहून सांगितले की अमुक घरची एकदाणी शिंप्याने घेतली नव्हती. मी तेव्हा इथला सबइन्स्पेक्टर होतो, मी स्वतः पाहिले आहे.

त्यांनी एकमेकांकडे पाहिले. एकाने बाकावर जागा करून दिली.

"बसा काका. कोनता शिंपी?"

मी मास्तरचे पूर्ण नाव सांगितले. कोणालाच आठवले नाही. गावात आता शिंपी नाही, लग्नाचे कपडे सगळे शहरातून आणतात. ते नाव आता फक्त मला आणि हैदराबादला असलेल्या त्याच्या मुलीला माहीत आहे.